पन्नासचं टेकन, साठचं टेकन

सुरुवात टीव्हीपासून करू. आपल्या देशाची जुनी टीव्ही पद्धत पाल, म्हणजे सेकंदाला 50 वेळा चित्र. जपान-अमेरिकेत तेव्हा एनटीएससी, तिथे जवळजवळ 60. टेकनसारखे मारामारीचे खेळ या 60 च्या हिशेबानेच बांधलेले. पण प्लेस्टेशन 2 या सोनीच्या टीव्हीला जोडायच्या खेळाच्या मशीनसाठी पाल डिस्क काढताना कितीतरी कंपन्या खेळ तसाच 50 वर टाकून मोकळ्या व्हायच्या. चित्र चपटं, वर-खाली काळ्या पट्ट्या, आणि खेळ सहाव्या हिश्शाने हळू. पुढे काही डिस्कवर 60 चा पर्याय आला, पण तोवर आपली बोटं घडून गेली होती.

यानं काय बिघडतं? टेकनमधल्या काझुया या पात्राचा इलेक्ट्रिक, म्हणजे विजेचा ठोसा घ्या. कंट्रोलरवर दिशा पुढे, मग हात मोकळा, मग खाली, मग तिरपं खाली-पुढे. आणि तिरपं ज्या फ्रेमला, म्हणजे ज्या एका चित्राला लागलं, त्याच फ्रेमला उजवा ठोसा. एक फ्रेम उशीर झाला की वीज चमकत नाही, साधा विंड गॉड फिस्ट निघतो. समोरच्याने अडवला तरी इलेक्ट्रिक मारणारा निवांत असतो. साध्याचं तसं नाही. आता 60 वर ती फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची, 50 वर 20 ची. म्हणजे विलंबितात बसवलेला तुकडा ऐनवेळी द्रुतात वाजवायला सांगितल्यासारखं. पार्लरमधला दादा माणूस बाहेरच्या स्पर्धेत का चाचपडायचा, त्याचं अर्धं उत्तर इथं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे सराव, ते तुम्हाला माहीतच आहे.

इथे नागपूरच्या बर्डी बाजारात मशीनमध्ये बसवून मिळायची ती चिप येते. राजेहो, चिप काहून टाकत होतो हे या हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे: कॉपी डिस्क चालावी म्हणून. ती चोरीच होती, उगाच सोवळं नेसू नका. पण त्याच चिपने प्रदेशाचं कुलूपही तोडलं. पाल मशीनवर अमेरिकेची डिस्क चालायला लागली आणि 60 चा वेग नागपुरात आला. एखाद्या जुन्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं दिसायचं, पण वेग खरा!

तो वेग महत्त्वाचा, कारण प्लेस्टेशन 2 म्हणजे जवळजवळ आर्केडच, म्हणजे पार्लरमधलं नाणं टाकून खेळायचं मशीनच होतं. टेकन बनवणाऱ्या नामकोचा सिस्टम 246 हा आर्केडचा बोर्ड प्लेस्टेशन 2 च्याच रचनेवर उभा. टेकन 4 त्यावरच चाललं. मारामारीच्या खेळांच्या अमेरिकेतल्या एव्हो स्पर्धेने 2004 मध्ये आर्केडची उभी कॅबिनेट सोडून घरगुती कन्सोल घेतले तेव्हा जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. पुढच्याच वर्षी तिथं टेकन 5 होतं.

प्लेस्टेशन 2 चं उत्पादन 2013 मध्ये थांबलं. आज मरते ती डिस्क वाचणारी लेन्स, आणि आपल्याकडची धूळ आणि 45 अंशांचा मे तिला आणखी मदत करतो. म्हणून आता मॉडिंगचा, म्हणजे मशीनमध्ये फेरफार करण्याचा अर्थच बदललाय. 2008 चं फ्री मॅकबूट हे सॉफ्टवेअर मेमरी कार्डातून सुरू होतं, सोल्डरिंग नाही. त्यावर ओपन पीएस2 लोडर हा प्रोग्रॅम टाकला की खेळ हार्ड डिस्कवरून किंवा नेटवर्कवरून. यूएसबीवरूनही चालतो, पण ते पोर्ट जुनं 1.1 असल्याने व्हिडिओ अडखळतात. 2020 मध्ये तर फ्रीडीव्हीडीबूट आलं, मशीनच्या स्वतःच्या डीव्हीडी प्लेयरमधली फट वापरून. माझ्या मते हे दुरुस्तीचं काम आहे. फक्त डिस्क स्वतःची ठेवा.

मागून विचारतायत, एमुलेटर, म्हणजे संगणकावर प्लेस्टेशनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर का नाही? सरावाला खुशाल वापरा, पीसीएसएक्स2 हा एमुलेटर चांगला आहे. पण स्पर्धेत दोन संगणक सारखे नसतात, दोन प्लेस्टेशन असतात. मात्र त्याला जुना ट्यूबचा टीव्ही जोडा. एलईडी टीव्ही आधी ते इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींनी येणारं चित्र जुळवत बसतो आणि तेवढ्यात तुमची फ्रेम निघून जाते.

जुनं मशीन घेणार असाल तर ते उलटं करून नंबर वाचा. 90000 मालिकेतल्या नंतरच्या मशीनवर फ्री मॅकबूट चालत नाही. आणि मेमरी कार्ड मॅजिकगेट, म्हणजे सोनीची सुरक्षा-व्यवस्था असलेलंच घ्या. स्वस्त नकली कार्डांमध्ये ते बरेचदा नसतं, मग लोक मशीनला दोष देत बसतात.