पाल, हल्ली, बल्ली आणि व्हॅन गॉग

(दृश्य: सोलापूर, पूर्व भागातली चाळ. रात्र. ट्यूबलाइट.)

पट्टीमागून आधी नाक, मग डोळे. आमच्या आजीसाठी ही पाल. शेजारच्या कानडी मावशींसाठी हल्ली. जिन्याखालच्या तेलुगू घरात बल्ली. चुकचुकली की आजी जमिनीवर बोट आपटत ‘कृष्ण कृष्ण’ म्हणते. अंगावर पडली, तर पल्लीपतनाचं फळ बघायचं. आणि दाते पंचांगाच्या या गावात पंचांग नसलेलं घर सापडायचं कुठे?

(दृश्य: डोंगरपायथा. सकाळ. मोठाले खडक.)

तमिळनाडूत हिला पल्ली म्हणतात. पण श्रीविल्लीपुत्तूरच्या जंगलातल्या या खडकावरची पल्ली जरा वेगळी. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत चार सेंटिमीटरही नाही. बुबुळ गोल, आपल्या घरातलीचं उभ्या फटीसारखं असतं. बोटांना भिंतीला चिकटणाऱ्या रुंद गाद्या नाहीत, नख्या आहेत. फिरते ती उजेडात, सकाळ-संध्याकाळच्या गारव्याला.

आता नराकडे नीट बघा. डोकं आणि धडाचा पुढचा भाग पिवळा, बाळ्याच्या खंडोबाचा भंडारा लागल्यासारखा. पाठीवर फिकट निळे ठिपके. मादीला एवढी हौस नाही, ती फिकीच.

(दृश्य: ठिपके, अगदी जवळून.)

ईशान अग्रवाल, अक्षय खांडेकर आणि तेजस ठाकरे या अभ्यासकांना हे ठिपके पाहून आठवलं ते व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं 1889 मधलं तारांकित रात्रीचं चित्र. 2024 मध्ये नाव जाहीर झालं: नेमास्पिस व्हॅनगॉगी. पहिला शब्द कुळाचा, दुसरा तिचा स्वतःचा. पुरुषाचं नाव द्यायचं, तर शेवटी ‘ई’ लावायची, असा लॅटिनचा रिवाज.

गंमत अशी, की चित्रात आभाळ निळं आणि तारे पिवळे. इथे अंग पिवळं आणि तारे निळे. शिवाय नाव रात्रीचं, जनावर दिवसाचं! तरी नाव शोभतं, असं मला वाटतं. आमच्याकडच्या एखाद्या विणकराला ती आधी दिसली असती, तर त्याला चादरीची नक्षी आठवली असती, एवढंच.

याच अभ्यासातून त्याच डोंगरांतली दुसरी एक नवी पाल पुढे आली. तिचं बारसं साधं: सथुरागिरीच्या डोंगरावरून सथुरागिरीएन्सिस. हे ‘एन्सिस’ म्हणजे आपल्या ‘सोलापुरी’तला शेवटचा ‘ई’कार. तिथली, एवढाच अर्थ.

(दृश्य: पुन्हा चाळ.)

ट्यूबलाइटवालीलाही असं कागदोपत्री नाव आहे. तिचं कुळ हेमिडॅक्टिलस, म्हणजे अर्धबोटी. आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, “असू दे.” तेवढ्यात जिन्याखालून आरोळी आली, “बल्ली! बल्ली!” आणि पाठोपाठ झाडूचा आवाज.