‘शंबराचें घाल’: तेलाची वाढ शेवटी थांबते कुठे?

नमस्कार. मी गोव्यातल्या डिचोलीत एका पेट्रोल पंपाच्या समोर उभी आहे. गेली दहा मिनिटं नुसती ऐकतेय. एकानंही ‘दोन लिटर घाल’ म्हटलं नाही. ‘शंबराचें घाल.’ ‘दोनशें.’ एकजण तर हेल्मेटच्या आतूनच ‘पन्नास’ म्हणाला.

म्हणजे दर वाढला तरी नोट तीच राहते. काटा मात्र आधीपेक्षा खाली थांबतो.

बातम्यांत बॅरलचा भाव सांगतात. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. आपण गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो. जगाच्या वापरातल्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून बाहेर पडत आला आहे, त्यामुळे तिथं खुट्ट झालं तरी इथं डिचोलीत कळतं. हे सगळं तुम्ही ऐकलेलं असेल. मला विचारायचंय ते वेगळं: वाढलेला पैसा शेवटी भरतो कोण?

ज्याला आपला भाव स्वतः ठरवता येतो, तो वाढ पुढे ढकलतो. ट्रकवाला भाडं वाढवतो, दुकानदार तेच भाडं कांद्याबटाट्यावर लावतो. ज्याला ठरवता येत नाही, त्याच्याकडे येऊन ती अडते.

चला, मालीमच्या जेटीवर. पणजीच्या समोर, मांडवीपलीकडे. ट्रॉलर समुद्रात जायच्या आधीच डिझेल, बर्फ, खलाशांचं रेशन, सगळ्याचे पैसे गेलेले असतात. त्यात डिझेल सगळ्यांत जड, कारण ट्रॉलर जाळं पाण्यातून ओढत नेतो आणि त्या ओढीत इंजिन तेल पितं. मासळी मिळो न मिळो, डिझेल जळणारच. परत आल्यावर? भाव लिलावात ठरतो. बोली लावणारा जेटीवर किती बांगडा उतरला ते बघतो. तुझं डिझेल कितीला पडलं, हे तो विचारत नाही. सरकार मच्छीमारांना डिझेलवरचा व्हॅट परत देतं, हे खरं. पण परत म्हणजे नंतर. टाकी भरताना पैसे आपलेच मोजावे लागतात, आणि ते बरेचदा उसने असतात. त्यातही १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारी बंद. म्हणजे ऑगस्टची पहिली फेरी रिकाम्या खिशानंच. तोट्यात गेल्या दोन-तीन फेऱ्या, की मालक होडी बांधून ठेवतो. ओडिशा-झारखंडातून आलेले खलाशी मग जेटीवर बसून असतात.

तीच मासळी घेऊन बाई आमच्या दारात येते. टोपली पिकअपमधून आलेली, त्याचं भाडं वाढलेलं. तिनं वाट्यामागे दहा रुपये वाढवले की आम्ही काय करतो? ‘आज नको गो.’ मी स्वतः म्हटलंय. उन्हं चढली की उरलेला वाटा ती मिळेल त्या भावात देते.

पिवळ्या मडगार्डचे आपले पायलट, मोटारसायकलवर मागे बसवून भाड्यानं सोडणारे, तर तुम्हाला माहीतच आहेत. मीटर नाही, भाडं तोंडी. पाच रुपये जास्त मागितले की गिऱ्हाईक बसची वाट बघत उभं राहतं.

आणि नोकरीवाले. धरा, डिचोलीचा एक मुलगा वेर्ण्याच्या कारखान्यात जातो, जाऊन-येऊन ९० किलोमीटर. दुचाकी ४५ चं अॅव्हरेज देते, म्हणजे रोज दोन लिटर. लिटरमागे दहा रुपये वाढले तर २६ दिवसांचे ५२० रुपये. बसनं जा म्हणणं सोपं आहे. शिफ्ट रात्री अकराला सुटते, तेव्हा बस दाखवा मला. मग काहीजण उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडतात. कृपा करून हे करू नका.

सरकारच्या हातात काहीच नसतं, असंही नाही. २०१२ च्या अर्थसंकल्पात मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला, तेव्हा लिटर सुमारे ११ रुपयांनी उतरलं. पुढे तो टप्प्याटप्प्यानं पुन्हा चढला. तरी बांदा-सावंतवाडीचे लोक अजून आपल्याकडे टाकी भरायला येतात, ते काही पंपाच्या प्रेमापोटी नाही.

आता जी गोष्ट गोव्याबाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही, ती. तेल महाग झालं की इथली सगळीच घरं रडत नाहीत. १९७३-७४ मध्ये बॅरल तीन डॉलरच्या आसपास होतं ते बाराच्या घरात गेलं. आखातात पैसा आला, कामं निघाली आणि गोव्यातून माणसं गेली. कितीतरी घरांवर स्लॅब पडला तो त्याच पैशानं. उलट २०१४ ला शंभर डॉलरच्या वर असलेलं बॅरल जानेवारी २०१६ मध्ये तिशीच्या खाली आलं. आपण पंपावर खूश, आणि तिकडे नोकऱ्यांवर कुऱ्हाड. २ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेत घेतलं तेव्हा तर अंगावरच्या कपड्यांनिशी माणसं परतली. सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना बाहेर काढलं, बहुतेकांना जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे. घरात कोणी तिकडे असेल, त्यांना ते दिवस विचारा.

आमच्या शेजारच्या मावशींचा एक मुलगा कुवेतला, दुसरा इथं रिक्षा चालवतो. परवा मोठ्याचा फोन आला, भाव चढलाय, कंपनीत ओव्हरटाइम सुरू झालाय म्हणून. मावशी म्हणाल्या, ‘बरं झालं रे बाबा.’ आणि फोन ठेवून, धाकट्याला ऐकू जाऊ नये म्हणून हळूच मला विचारलं, ‘आता रिक्षाचा हप्ता कोणी भरायचा, थोरल्यानं?’