दप्तरातली चिठ्ठी

(दृश्य : सोलापूरजवळचं कुंभारी. सकाळची वेळ. उंबऱ्यात बसलेल्या बायका, मांडीवर सुपं.)

सकाळचे आठ वाजलेत. विडी घरकुलात पाणी भरून झालंय, स्वयंपाक आवरलाय आणि उंबऱ्याउंबऱ्यात सुपं मांडीवर आलीत. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ, कात्री. गोदूताई परुळेकरांचं नाव असलेली ही १०,००० घरांची वसाहत २००६ साली विडी कामगार बायकांच्या ताब्यात आली. एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चारही भाषा कानावर पडतात.

आपण ज्या घरात आलोय, तिथं तिसरीतला एक मुलगा शाळेला जायच्या आधी जेवायला बसलाय. ताटात आमटी, कडक भाकरी, शेंगाची चटणी. सोलापूरचं रोजचं ताट. पण बघा, तो भाकरी कुडुम्‌कन मोडून तोंडात टाकत नाही. आमटीत चुरतो, पार लगदा होईपर्यंत भिजू देतो आणि डाव्या बाजूनंच चावतो. चटणीला तर बोटही लावत नाही.

"आधी चटणीबिगर घास उतरत नव्हता त्याला," आई सांगते. बोलताना तिचे हात थांबत नाहीत. "आता शेंगाचा कूट दाढंत जाऊन बसतोय, मग कळ येती. नको म्हणतंय लेकरू."

(दृश्य : कंपासपेटी उघडते. आत घडी घातलेला कागद.)

कंपासपेटीत, कोनमापकाच्या खाली, चार घड्या घातलेली एक चिठ्ठी आहे. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी दिलेली. खालची उजवी दाढ किडली आहे, दंत विभागात दाखवावे. घडीवरची शाई पुसट झालीय. चिठ्ठी दोन महिन्यांपूर्वीची आहे.

ती हातात आली, ही काही लहान गोष्ट नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्या महाराष्ट्रातून. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. जे आजार शोधायचे त्यांच्या यादीत किडलेले दातही आहेत. म्हणजे दाढ सापडते. डॉक्टर शाळेपर्यंत येतात, मुलाच्या तोंडात बॅटरी धरतात, नोंद होते. गाडं अडतं ते त्याच्यापुढं.

"ताई, दाखवायला गेला नाहीत का?"

ती सुपाकडं बघते. "मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणजे दिवस गेला की ओ. केसपेपर काढा, लाईनीत थांबा, फोटो काढून आणा म्हणतेत. परत परवा या म्हणतेत. दोन दिवसाच्या विड्या कोण वळायचं?"

इथं मजुरी नगावर मिळते. हजार विड्यांचा हिशेब. जितक्या वळल्या तितके पैसे. यंत्रमागावर कांडी भरणाऱ्या बाईचंही तेच आणि माग चालवणाऱ्याचंही तेच. केसपेपरला चार पैसे लागोत की काहीच न लागो, त्या दिवसाची मजुरी बुडते, वर रिक्षाचं भाडं. खासगीत गेलं तर दाढ वाचवायला काही हजार मोजावे लागतात. आणि दाढ काढून टाकायची असेल तर काम स्वस्तात आणि एका फेरीत उरकतं. म्हणून दाढा काढल्या जातात. या बायकांना लेकरांच्या दातांची पर्वा नाही, असं लोक सहज बोलून जातात. मला ते मुळीच पटत नाही. लेकराला चावता येत नाही हे तिला आपल्याआधी दिसलेलं असतं. तीच भाकरी भिजवून देत असते.

केगावला दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात. पण केगाव पुणे रस्त्यावर आणि कुंभारी अक्कलकोट रस्त्यावर. मध्ये अख्खं सोलापूर.

(दृश्य : मुलाच्या तोंडाचं जवळून चित्रण. खालच्या दाढांची रांग.)

मजुरीच्या जोडीला आणखी एक गोष्ट आड येते. गल्लीत पाच घरी विचारलं, पाचही घरी एकच उत्तर मिळालं : "दुधाची दाढ हाय, पडंल की."

या मुलाची किडलेली दाढ रांगेत सगळ्यात मागं आहे. पुढून मोजत गेलं की कळतं, ही दुधाची नाही. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागं एक कायमची दाढ येते. दोन वरती, दोन खालती. ती येताना कुठलाच दात पडत नाही, हलत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. दुधाचे दात २०. ही दाढ त्यांच्यात मोडत नाही. ती म्हातारपणापर्यंत पुरायची असते. नवी असताना तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, बिस्किटाचा लगदा तिथं अडकतो आणि ब्रश पोचत नाही.

माझी अशीच एक दाढ अकराव्या वर्षी काढली गेली. घरात सगळ्यांना ती दुधाची वाटली होती. त्या जागी नवीन येईल म्हणून मी कितीतरी दिवस आरशात बघत होतो. आजही ती जागा रिकामी आहे आणि मागची दाढ पुढं कलंडलीय.

आणि दुधाची असली तरी? दुधाच्या दाढा पडायला दहावं-बारावं वर्ष उजाडतं. पाचव्या वर्षी किडली तर पुढची पाच-सहा वर्षं त्या लेकरानं चावायचं कशानं? वेळेआधी काढली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि कायमचा दात वेडावाकडा येतो. मुळाशी पू झाला तर खाली तयार होत असलेल्या दातालाही धक्का बसू शकतो.

भारतीय दंत परिषदेनं २००२-०३ मध्ये देशभर पाहणी केली होती. पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के आणि १२ वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. म्हणजे वर्गातली निम्मी मुलं.

(दृश्य : गल्लीतलं किराणा दुकान. बरण्या, पाच रुपयांचे पुडे.)

तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. एकदा गोड खाल्लं की साधारण अर्धा तास ते आम्ल दातावर काम करत राहतं. त्यामुळं किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे जास्त लागतं. आई कामात असते, पोर रडलं की हातात बिस्किटाचा पुडा दिला जातो आणि तो दुपारभर पुरवून पुरवून खाल्ला जातो. जेवणाबरोबर एक लाडू खाल्लेला त्याहून बरा.

रात्री दुखायला लागलं की मेडिकलमधून गोळी येते. नाहीतर दाढेत तंबाखूची चिमूट दाबतात. घरात तंबाखू हाताशीच असते. तीच तव्यावर भाजून मिसरी होते. अंगणवाडीतली एक चिमुरडी आजीच्या डबीत बोट बुडवून दात घासताना मी बघितली आणि पोटात कालवलं. टूथपेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे. घरच्या तव्यापर्यंत कायदा पोचत नाही, तिथं आजीशीच बोलावं लागतं. तिच्या भाषेत.

एक गोष्ट मात्र प्रत्येक घरात माहीत हवी. दाढ दुखून गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना, सूज डोळ्याकडं किंवा गळ्याकडं सरकायला लागली, तर सकाळची वाट बघायची नाही. शेकत बसायचं नाही. त्याच वेळी सिव्हिल गाठायचं.

(दृश्य : शाळेचा व्हरांडा. बाकावर बसलेली मुलं.)

आता हा व्हरांडा बघा. एक बाक, खिडकीतून येणारा उजेड, हात धुवायला पाणी. मुलांच्या दातांची बरीच कामं एवढ्यावर होऊ शकतात. किडीवर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या औषधाचा एक थेंब बारीक ब्रशनं लावतात. मिनिटभराचं काम. सुई नाही, ड्रिल नाही. कीड बहुतेक वेळा पुढं सरकायची थांबते. किडलेला भाग काळा पडतो, म्हणून हे आईला आधी सांगायला हवं. न सांगता लावलं तर पोराचा दात काळा केला म्हणून ती पुन्हा फिरकणार नाही, आणि तिचं चुकणारही नाही. दुसरी पद्धत १९८०च्या दशकात टांझानियात आकाराला आली, वीज नसलेल्या गावांसाठी. हातातल्या अवजारानं मऊ झालेली कीड खरवडायची आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये हे औषध, हे सिमेंट आणि फ्लोराइडची टूथपेस्ट आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. सहा-सात वर्षांच्या मुलांच्या नव्या दाढेच्या खाचा तर कीड लागायच्या आधीच बुजवता येतात.

म्हणून माझी मागणी आहे की तपासणीच्या पथकाबरोबर दंतवैद्य शाळेत यावेत. ज्या दिवशी कीड सापडली, शक्य ते काम त्याच दिवशी तिथंच व्हावं. ज्याला खुर्चीच लागणार आहे, त्याच्या चिठ्ठीवर दिवस आणि वेळ लिहिलेली असावी, आणि वस्तीतल्या आशा कार्यकर्तीच्या वहीत त्या चिठ्ठीची नोंद असावी. शेजारी रे नगरची ३०,००० घरांची वसाहत होतेय. जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या १५,००० घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. एवढ्या लेकरांसाठी दातांची खुर्ची चालत जाण्याच्या अंतरावर हवी.

घरी काय करायचं ते थोडक्यात. रात्री झोपताना ब्रश, सकाळच्याइतकाच महत्त्वाचा. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, नंतर वाटाण्याएवढी. आणि सात-आठ वर्षांचं होईपर्यंत लेकराचे दात मोठ्या माणसानं घासून द्यायचे. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवायचं नाही.

(दृश्य : गल्ली. बायका एकत्र बसलेल्या.)

चित्रीकरणाच्या तिसऱ्या दिवशी या ताईंनी गल्लीत हाक दिली, "अशी चिठ्ठी अजून कुणाकडं हाय का गं?" एक टीव्हीच्या मागून निघाली, एक देव्हाऱ्यातून, एक रेशनकार्डाच्या प्लास्टिकमधून. सगळ्या मिळून पाच. मग बायकांनीच ठरवलं. दोघींनी पाचही पोरं घेऊन जायचं आणि त्या दोघींच्या वाट्याच्या विड्या बाकीच्यांनी वळायच्या.

परतायला दुपारचे चार वाजले. सुपात दोघींच्या विड्यांचे गठ्ठे मोजून, बांधून ठेवलेले होते. मुलानं 'आ' करून सगळ्या गल्लीला दाढ दाखवली. खड्डा भरलाय, दाढ वाचलीय. एका चिठ्ठीला मात्र पुन्हा जायचंय, पुढच्या बुधवारी. तेव्हा कुणी जायचं यावर आत्ताच बोलणं चाललंय.

आजचा दिवस त्या बाजूनं चावू नको, असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून रात्री त्यानं भातच खाल्ला. ताटातली एक कडक भाकरी तेवढी फडक्यात गुंडाळून उद्यासाठी ठेवली. शेजारी चटणीची वाटी.