दर वाढतो, तेव्हा भरलेलं रिचार्ज कुठवर टिकतं?

(दृश्य : सोलापूर, विडी घरकुल. सुपात तंबाखू, कातरलेली तेंदूची पानं, बाजूला बटणांचा मोबाईल.)

या घरात मोबाईल लागतो तो बोलायला. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळते आणि त्यातूनच दर २८ दिवसांनी रिचार्ज मारायचं.

२८ दिवस म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा रोज दीड जीबीचा २३९ रुपयांचा पॅक २९९ वर गेला. तेरा वेळा भरला, की वर्षाला ७८० रुपये जादा.

दूरसंचार कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ‘ट्राय’ या सरकारी नियामकाने हे अडवलं नाही, कारण बहुतेक मोबाईल दर ठरवणं कंपन्यांवर सोडलेलं आहे. त्यांनी नवा दर ट्रायला कळवायचा, एवढंच. ग्राहकाला संरक्षण आहे ते मुदतीचं. मूळ टॅरिफ प्लॅन, म्हणजे कॉल-एसएमएसचे मूळ दर ठरवणारी योजना, घेतल्यापासून सहा महिने त्यातला कोणताही दर वाढवता येत नाही. मात्र आपण दुकानात जो मारतो तो बहुधा ठरावीक मुदतीचा पॅक असतो. त्याला सहा महिन्यांचं संरक्षण आहे असं समजलं, की गफलत होते. पॅकचे पैसे ज्या मुदतीचे भरले, तेवढ्या मुदतीत जादा पैसे मागता येत नाहीत. पुढचं रिचार्ज नव्या दराने. म्हणून वाढ जाहीर झाली आणि हातात पैसे असले, तर लांब मुदतीचा पॅक घ्यावा. ३६५ दिवसांचा पॅक वर्षभर भाव बांधून ठेवतो.

पण एकदम वर्षाचे पैसे आणायचे कुठून, हा प्रश्न खरा आहे. अशा घरांसाठी ट्रायचा डिसेंबर २०२४ चा नियम फार मोलाचा. फक्त कॉल आणि एसएमएसचा किमान एक पॅक प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे. दुकानात ‘स्वस्तातला मारा’ म्हणू नका, ‘नेट नको, बोलायचा पॅक दाखवा’ म्हणा. दर महिन्याला त्याच तारखेला भरायचा पॅकही प्रत्येक कंपनीला ठेवावा लागतो.

(दृश्य : रिचार्जच्या दुकानातला काउंटर. मोबाईलवर मेसेज येतो.)

पैसे देऊन लगेच निघू नका. मेसेजमध्ये रक्कम आणि मुदत बघा. चुकीचा पॅक पडला किंवा मुदत कमी लागली, तर कंपनीचा तक्रारीचा नंबर १९८ लावा. हा कॉल फुकट असतो. तक्रार सांगितल्यावर डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घ्या. तो नसेल तर पुढे तक्रार केल्याचं दाखवायला काही उरत नाही. दाद मिळाली नाही, तर तक्रार सोडवायची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जायचं. शुल्क नाही, निकाल ३९ दिवसांत.

तरीही अडलं, तर सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

कंपनीच बदलायची असेल, तर इंग्रजीत ‘पोर्ट’, एक जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस १९०० ला पाठवा. उत्तरात आलेला कोड नव्या कंपनीला द्यायचा; तो महाराष्ट्रात चार दिवस चालतो. जुना पॅक आणि बॅलन्स मात्र बुडतो, म्हणून पॅक संपत आला की मगच पोर्ट करा.

(दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर, चौकोनात पेनाने लिहिलेले आकडे.)

बटणांच्या मोबाईलची मेसेजपेटी भरली, की जुने मेसेज पुसावे लागतात. त्यात रिचार्जचा मेसेजही जातो. त्यामुळे रिचार्ज मारलं त्या तारखेच्या चौकोनातच रक्कम, मुदत आणि तक्रार केली असेल तर डॉकेट नंबर लिहून ठेवा.