राइड अपलोड झाली म्हणजे सांभाळली गेली का? | जीपीएस सायकल कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर आणि तुमचा डेटा

नमस्कार मंडळी! पाऊस ओसरला, ठाण्यात येऊरच्या चढावर पहाटे पुन्हा सायकलींचे दिवे दिसायला लागले, आणि माझ्या कमेंट्समध्ये एकच प्रश्न सुरू झालाय. "ताई, जीपीएस कॉम्प्युटर घेतला, आता ॲप कुठलं वापरू?" कोणी कळव्याहून विचारतंय, कोणी खारघरहून. एका काकांनी तर एकाच व्हिडिओखाली तीनदा विचारलंय. काका, आजचा व्हिडिओ तुमच्यासाठी.

सुरुवातीची तयारी भराभर सांगते, कारण ती तुम्हाला येतेच. यंत्र, म्हणजे राइड नोंदवणारा हा छोटा कॉम्प्युटर, हँडलला बसवा, पहिल्यांदा पूर्ण चार्ज करा, कंपनीचं ॲप फोनवर घ्या, जोडणी करा, फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. चाकाचा घेर, वजन, वय भरा. रेकॉर्डिंग दर सेकंदाला ठेवायची सोय असेल तर तीच निवडा. निघण्याआधी मोकळ्या आकाशाखाली मिनिटभर उभं राहून सिग्नल येऊ द्या. झालं.

आता ॲपकडे. कंपनीचं ॲप तुम्हाला बहुतेक घ्यावंच लागतं. गार्मिनला गार्मिन कनेक्ट, वाहूला वाहूचं. त्यात निवड नाही. निवड सुरू होते ती त्यापुढे. मित्रमंडळी दिसायला हवीत तर स्ट्राव्हा, आणि फुकटातलं पुरतं. फक्त रूट आखण्याची सोय २०२० पासून पैसे भरणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे रूटसाठी राइड विथ जीपीएस किंवा कोमूट बघा. ट्रेनिंगचा हिशोब ठेवायचा असेल, म्हणजे थकवा किती, फॉर्म कसा, तर इंटरव्हल्स डॉट आयसीयू. ते फुकट आहे, आवडलं तर ऐच्छिक पैसे द्यायचे, आणि मी स्वतः रोज तेच उघडते. ज्यांना सगळं आपल्याच लॅपटॉपवर हवंय, कुठल्या सर्व्हरवर नकोय, त्यांच्यासाठी गोल्डन चीता आहे. ओपन सोर्स, फुकट, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. दिसायला किचकट आहे, शिकायला आठवडा जातो, पण एकदा हात बसला की दुसरं काही नको वाटतं.

जोडताना एक पथ्य पाळा. एका ॲपच्या शेपटीला दुसरं ॲप बांधू नका. यंत्रातून कंपनीकडे, कंपनीकडून स्ट्राव्हाला, स्ट्राव्हातून तिसरीकडे, असं करतात लोक. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये स्ट्राव्हाने आपले नियम बदलले. त्यांच्याकडून घेतलेला तुमचा डेटा दुसऱ्या ॲपने फक्त तुम्हालाच दाखवायचा, असं ठरलं. ज्यांचे कोच त्या मार्गाने आकडे बघत होते त्यांची पंचाईत झाली. म्हणून प्रत्येक ॲप शक्यतो थेट कंपनीच्या खात्याला जोडा.

पण मंडळी, "कुठलं ॲप" हा माझ्या मते दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की तुमच्या राइडची मूळ फाइल कुठे आहे? "ॲपमध्ये आहे की" असं उत्तर असेल तर पाच मिनिटं थांबा आणि ऐका.

माझ्या पहिल्या २०० किलोमीटरच्या बीआरएमची, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायच्या लांब राइडची, गोष्ट. मुदत १३ तास ३० मिनिटं असते. पडघा, शहापूर, कसारा घाट आणि परत. मी १२ तास ४० मिनिटांत आले. घरी आल्यावर आईने दारातच पाणी दिलं आणि मी तिथेच जमिनीवर बसले, इतके पाय गेले होते. दुसऱ्या दिवशी ॲप उघडलं तर त्या राइडच्या दोन नोंदी. एक कॉम्प्युटरची, एक फोनची, कारण भीतीपोटी मी फोनवरही रेकॉर्डिंग लावलं होतं. नाव एकच, तारीख एकच. मी एक डिलीट केली. राहिली ती फोनची, आणि फोनने बॅटरी वाचवायला रेकॉर्डिंग खर्डीच्या आसपासच थांबवलं होतं. यंत्रात बघावं तर राइडहून आल्यावर त्याच रात्री सगळं पुसून जागा केली होती. घाटाचा चढ, उतार, हार्ट रेट, परतीचे उन्हातले ते सगळे किलोमीटर, काही राहिलं नाही. ब्रेव्हे कार्ड, म्हणजे वाटेतल्या शिक्क्यांचं कार्ड, आहे, मेडल आहे. राइड नाही. मला अजून वाईट वाटतं, आणि म्हणून मी हा विषय पुन्हा पुन्हा काढते.

तर करायचं काय? यंत्र केबलने लॅपटॉपला जोडा. (स्क्रीनवर दाखवते.) हे बघा, पेन ड्राइव्हसारखं दिसतंय. माझं गार्मिन आहे, म्हणून गार्मिन नावाचं फोल्डर, त्याच्या आत ॲक्टिव्हिटीज. यातली एकेक फाइल म्हणजे एकेक राइड, शेवटी डॉट फिट. सगळ्या निवडा, कॉपी करा, लॅपटॉपवरच्या फोल्डरमध्ये पेस्ट करा. कॉपी, कट नाही. ही फाइल फार मोठीही नसते. चार-पाच तासांची राइड साधारण मेगाबाइटच्या आतबाहेर. व्हॉट्सॲपवरचा सकाळचा एक व्हिडिओ याहून जड असतो.

इथेच निम्मे लोक अडतात. "ताई, लॅपटॉपला यंत्र दिसतच नाही." मंडळी, केबल बदला! नुसत्या चार्जिंगच्या केबल असतात, त्यांच्यात डेटाच्या तारा नसतात. यंत्र चार्ज होतं, दिवा लागतो, आणि माणूस समजतो की यंत्र बिघडलं. यंत्रासोबत आलेली केबल वेगळी ठेवा, तिला रंगीत टेप लावा, घरात कोणाला देऊ नका. काही नवी यंत्रं एमटीपी पद्धतीने, म्हणजे पेन ड्राइव्हऐवजी फोन जोडल्यासारखी, जोडली जातात, तिथे मॅकवाल्यांना वेगळा छोटा प्रोग्रॅम लागतो. विंडोजवर अडचण येत नाही.

आता कोणीतरी लिहिणारच, "एवढा खटाटोप कशाला, कंपनी एवढी मोठी आहे." २०२० चा जुलै आठवा. गार्मिनवर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला आणि त्यांच्या सेवा काही दिवस बंद पडल्या. जगभरचे सायकलस्वार राइड करून येत होते आणि ॲप सिंकच होत नव्हतं. ज्यांना ही केबलची वाट माहीत होती त्यांनी फिट फाइल काढली, स्ट्राव्हाच्या वेबसाइटवर हाताने टाकली. ज्यांना नव्हती ते वाट बघत बसले. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला एंडोमोंडो कायमचं बंद झालं. आपल्याकडे किती जणांनी पहिली राइड एंडोमोंडोवर नोंदवली होती! ॲप येतात, विकली जातात, बंद होतात. तुमच्या पायांनी काढलेले किलोमीटर त्यांच्या नशिबाला का बांधायचे?

आणि तिसरी बाजू. "मी ॲपमधून जीपीएक्स फाइल डाउनलोड करून ठेवते, तेवढं पुरे ना?" नाही पुरत. फिट फाइलमध्ये यंत्राला कळलेलं सगळं असतं. हार्ट रेट, कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे), पॉवर (पायांचा जोर, वॅटमध्ये), तापमान, लॅप, तुम्ही कुठे थांबलात, घड्याळ कुठे थांबलं. जीपीएक्स मुळात ठिकाण, उंची आणि वेळ यांच्यासाठी आहे. बाकीचं त्यात जोडून घालावं लागतं आणि प्रत्येक प्रोग्रॅम ते आपापल्या पद्धतीने वाचतो, नाहीतर सोडून देतो. फिटची जीपीएक्स करता येते, पण एकदा गळालेलं पुन्हा फिट केल्यावर परत येत नाही. घराचे कागद आपण कसे ठेवतो? मूळ दस्त कपाटात, आणि मागेल त्याला झेरॉक्स. फिट फाइल तुमचा मूळ दस्त आहे. ॲपमध्ये आहे ती झेरॉक्स. म्हणून नवीन ॲप घेताना मला एवढंच विचारायचं असतं, की मी दिलेली मूळ फाइल हे ॲप मला जशीच्या तशी परत देतं का? स्ट्राव्हाच्या वेबसाइटवर एक्स्पोर्ट ओरिजिनल असतं, ते यासाठीच. ज्यात ही सोय नाही ते ॲप कितीही देखणं असो, तिथे माझा जीव रमत नाही.

ऐरोलीच्या एका ताईंचा फार चांगला प्रश्न आला होता. "माझी रविवार पहाटेची राइड शनिवारी दिसते. यंत्र बिघडलं का?" नाही ताई, यंत्र अगदी बरोबर आहे. फाइलच्या आत वेळ जागतिक असते, यूटीसी. आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे तुम्ही रविवारी पहाटे ५:०० ला निघालात, तेव्हा यूटीसीत शनिवारचे २३:३० वाजलेले असतात. जीपीएक्स फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, वेळेच्या शेवटी इंग्रजी झेड अक्षर दिसेल, तीच खूण. काही प्रोग्रॅम ही वेळ भारतीय करून दाखवतात, काही नाही. आपण पहाटे साडेपाचच्या आत निघणारी माणसं, त्यामुळे आपल्याला हे सारखं भेटणार. मी फाइलला स्वतः नाव देते. आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, पुढे जागेचं नाव, येऊर किंवा पाम बीच. त्या क्रमाने नाव दिलं की फोल्डरमध्ये फाइली आपोआप ओळीने लागतात. आतल्या वेळेला मात्र मी हात लावत नाही.

नोटपॅड उघडलंच आहे तर हेही बघा. ही माझी एक राइड. ठिकाणांच्या पहिल्या ओळीत अक्षांश १९.२ पासून सुरू होतो, रेखांश ७२.९ पासून, ठाणं आलं. पुढे आकडे चालूच आहेत. दशांश चिन्हानंतरचा पाचवा आकडा म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर. म्हणजे ही ओळ नुसतं ठाणं सांगत नाही, माझ्या सोसायटीचं गेट सांगते. (पुढचे आकडे मी झाकलेत.) ॲपमध्ये प्रायव्हसी झोन लावला की तिथे घर लपतं, ते लावाच. पण तीच राइड तुम्ही मूळ फाइल म्हणून दीडशे जणांच्या ग्रुपवर टाकलीत, तर त्यात घर तसंच आहे, आणि निघायची वेळही. आम्ही एकट्या निघणाऱ्या बायका याचा विचार करतो, पुरुषांनीही करावा. ग्रुपला रस्ता द्यायचाय ना? मग राइड नका देऊ, नवा रूट आखा, तलावपाळी किंवा उपवनसारख्या सार्वजनिक जागेपासून सुरू करा, तो द्या.

रूटवरून आठवलं. "माजिवड्याला यंत्र उगाच ओरडतं, रूट सोडला म्हणतं" अशा दहा तरी कमेंट आहेत. तिथे पूल वर आणि सर्व्हिस रोड त्याच्या पोटाशी. दोघांत अंतर काही मीटरांचं, शिवाय पुलाखाली आकाश झाकलेलं. यंत्राला वरचं-खालचं कळत नाही. रूट आखताना नकाशा मोठा करून रेघ सर्व्हिस रोडवर आहे का ते बघा, निम्मी ओरड बंद होईल. आणि रोड बाइकचा पर्याय निवडून आखा, नाहीतर येऊरच्या जंगलातली पायवाटसुद्धा रस्ता म्हणून समोर येईल. ते नॅशनल पार्क आहे, नकाशावर रेघ आहे म्हणून आत जायची परवानगी आहे असं नाही.

पावसाळ्यातला एक प्रश्न राहिला होता. "राइडमध्ये यंत्र अचानक बंद पडलं, आता फाइल अपलोड होत नाही." घाबरू नका. फिट फाइलच्या शेवटी दोन बाइटची पडताळणीची खूण असते. यंत्र मध्येच बंद झालं तर ती लिहिली जात नाही, आणि ॲप फाइल नाकारतं. तोवरचा डेटा बहुतेक वेळा आत शाबूत असतो. फिट फाइल दुरुस्त करणारे प्रोग्रॅम मिळतात. मात्र आधी फाइलची प्रत काढा आणि दुरुस्ती प्रतीवर करा. उंचीचा आकडा विचित्र आला असेल तर तोही बहुधा पावसामुळे. यंत्र उंची हवेच्या दाबावरून काढतं, आणि तो दाब मोजायचं बारीक छिद्र पाण्याने बुजतं. ॲपमध्ये उंची दुरुस्त करून घ्या, मूळ फाइल तशीच राहू द्या.

शेवटचा प्रश्न त्या तीनदा विचारणाऱ्या काकांचाच. "यंत्रातल्या जुन्या राइड्स पुसू का?" पुसा, पण क्रम सांभाळा. मी महिन्याच्या पहिल्या रविवारी करते, राइडवरून आल्यावर, चहा होईपर्यंत. लॅपटॉपवर कॉपी, तिथून गूगल ड्राइव्हवर दुसरी. मग तिन्हीकडे फाइलींची संख्या मोजायची. हे बघा, यंत्रात १४, लॅपटॉपवर १४, ड्राइव्हवर १४. त्यातली एखादी उघडून बघायची, नकाशा दिसतोय का. दिसतोय. आता यंत्रातल्या पुसते. आणि केबल ओढायच्या आधी, काका, हे इजेक्ट दाबायचं. लिहिणं चालू असताना केबल निघाली तर आतल्या फाइली खराब होतात. "सुरक्षित काढू शकता" असं आलं. आता काढते.