भिंत ओली, छप्पर कोरडं

(महाबळेश्वर-पाचगणी परिसरातल्या बंगलेमालकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय ‘सुट्टीच्या बंगल्यातील ओल : कारणे व उपाय’ असा छापलाय. उपाय शेवटी सांगणार आहे, म्हणजे तोवर कुणी उठणार नाही.

आधी हात वर करा, टेरेसचं वॉटरप्रूफिंग एकापेक्षा जास्त वेळा कुणी करून घेतलंय? बरेच आहात. आता ज्यांची ओल गेली त्यांनीच हात वर ठेवा. अहो, इतक्या पटापट खाली?

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या बंगल्यांतली बरीच ओल छपरातून येतच नाही. ती हवेतून येते, आणि ती हवा पुष्कळदा आपणच ओली केलेली असते.

महाबळेश्वरातला एक बंगला सांगतो. मालक पुण्याचे. नाव घेत नाही, समोर बसलेले असू शकतात. उत्तरेकडच्या बेडरूममध्ये, कपाटामागे, काळी बुरशी. ठेकेदार आला, म्हणाला गच्ची गळते. जुना कोबा फोडून नवा केला. पुढच्या पावसाळ्यात बुरशी हजर. मग केमिकलचा लेप झाला. तरी हजर. मग अख्ख्या स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रा घातला. बुरशी होती तिथेच, आता छताखाली आणखी एक छत घेऊन. ठेकेदार म्हणाला, ‘साहेब, जुनं पाणी बाहेर पडतंय.’ हे वाक्य ऐकलं नाही असा बंगलेवाला मला अजून भेटायचाय! मध्ये कुणीतरी वास्तूचा दोष काढला आणि पलंगाची दिशाही बदलून झाली.

मी गेलो तेव्हा पाऊस जोरात होता. जाड प्लॅस्टिकचा हातभर चौकोन भिंतीवर लावला, चारी कडा चिकटपट्टीनं बंद केल्या आणि दोन दिवसांनी पाहिलं. भिंतीतून पाणी येत असेल तर थेंब प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला धरतात. इथे ते खोलीच्या बाजूला होते, मागची भिंत कोरडी. पाणी हवेतलं होतं.

पण घर तर जूनपासून बंद! शेजारची खोली उघडली, तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या. राखणदाराच्या घरातले सगळे कपडे, पोरांचे शाळेचे गणवेश, वर दोन गोधड्या. धुकं आत येऊ नये म्हणून खिडक्या घट्ट लावलेल्या. कपड्यांतलं पाणी हवेत, हवेतलं पाणी घरातल्या सर्वांत गार भिंतीवर. मालक भडकले. मी म्हटलं, जुलैत महाबळेश्वरात कपडे वाळवायची दुसरी जागा दाखवा आणि मग रागवा. शेवटी आउटहाऊसला लागून वाळवणाची शेड केली, पंख्यासह. वरच्या पत्र्याच्या मानानं खर्च किरकोळ.

यामागचं गणित सोपं आहे. 30 अंशांची हवा घनमीटरमागे जास्तीत जास्त 30 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरते, 20 अंशांची साधारण 17. हवा गार झाली की उरलेलं पाणी कुठेतरी बसणारच. एसी गाडीतून मुंबईत उतरलात की चष्म्यावर बसतं तेच.

आता तुमचा शनिवार आठवा. सहा माणसं, गरम पाण्याच्या अंघोळी, ओले रेनकोट, स्वयंपाक. 1 किलो गॅस जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफ होऊन घरात येतं, हे फारसं कुणाला माहीत नसतं. चुलीतही पाणी निघायचं, पण ती घर तापवायची आणि धूर कौलांच्या फटींतून वाफ घेऊन जायचा. आता वर स्लॅब, खिडक्यांना अॅल्युमिनियम स्लायडिंग. रविवारी संध्याकाळी ती सगळी वाफ आत कोंडून कुलूप लावायचं, रात्री घर गार पडणार आणि पुढच्या शनिवारी ठेकेदाराला फोन.

पावसाचं पाणी खोटं आहे असं मी म्हणत नाही. इथे वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पडतो, तोही आडवा. जुन्या लोकांनी भिंतींना गवताच्या झडी बांधल्या त्या उगीच नाहीत. झडींवर मला वेगळं बोलायचं होतं… पण चिठ्ठी आलीय. ‘पाच मिनिटं.’ ठीक आहे, पळतो.

पहिलं, प्लॅस्टिकची परीक्षा. ती केल्याशिवाय एक रुपया खर्चू नका. ओल जमिनीलगत असेल, पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, धरत असेल, तर पाणी जोत्यातून चढतंय. त्यावर अॅक्रिलिक रंग मारलात तर पोपडेच निघतील. बाहेरचा निचरा बघा.

दुसरं, न्हाणीघर आणि स्वयंपाकघराचे एक्झॉस्ट घराबाहेर सोडा, फॉल्स सीलिंगच्या पोकळीत नव्हे. निघण्याआधी तासभर चालवा. बाहेर धुकं असलं तरी चालेल, गरम न्हाणीघरातल्या हवेत त्याहून जास्त पाणी असतं. एरवी मात्र धुक्यात खिडक्या उघडून घर वाळत नाही. ते काम ऑक्टोबरात.

तिसरं, कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे, दारं किलकिली, गाद्या उभ्या.

चौथं, आर्द्रतामापक घ्या, काही शे रुपयांत मिळतो. आकडा दिवसेंदिवस 80 टक्क्यांच्या वर राहिला तर बुरशी येणारच, 65 च्या आसपास ठेवा. त्यासाठी डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढून घेणारं यंत्र, लागेल. त्याची नळी बेसिनमध्ये सोडा, कारण टाकी भरली की यंत्र बंद पडतं आणि तुम्ही असता पुण्यात. वीज जाऊन आल्यावर आपोआप सुरू होणारंच घ्या. इथे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते मी तुम्हाला काय सांगू!

चुन्याच्या गिलाव्याबद्दल ज्यांना विचारायचंय त्यांनी चहाच्या टेबलाशी या.