धोटा, शाळा आणि गिरणगाव

मित्रहो,

व्यापार वाढला की काम वाढतं आणि काम वाढलं की घरात चार पैसे येतात, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ते खोटं नाही. पण ते काम कोणाला मिळणार, कोणतं मिळणार आणि कुठल्या अटीवर, हे एकटा व्यापार ठरवत नाही. शाळेत कोण गेलं आणि कोणाला जाऊ दिलं नाही, यावर ते बरंचसं ठरतं. जिथे शाळेवर ठरत नाही, तिथे जात ठरवते. मुंबईच्या कापडधंद्याचा इतिहास घेऊन मला आज एवढंच सांगायचंय.

1861 ते 65 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना जायचा बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. प्रेमचंद रायचंद यांनी 1864 साली मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी मोठी देणगी दिली, ती या तेजीच्या काळात. तो मनोरा म्हणजे त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर. दान मोठं होतं, त्याबद्दल आदरच आहे. पण ज्या खानदेशात, वऱ्हाडात हा कापूस पिकायचा, तिथल्या शेतकऱ्याच्या मुलाला साधी प्राथमिक शाळा मिळायची मारामार होती. व्यापाराचा पैसा शिक्षणात आला, पण तो वरच्या मजल्यावर आला.

हे नेमकं बोट ठेवून सांगितलं महात्मा फुल्यांनी. 1882 साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, हे त्यांचं म्हणणं. वरच्यांना शिकवलं की ते खालच्यांना शिकवतील, ही सरकारी समजूत त्यांनी साफ खोडून काढली. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं ते म्हणाले. आणि काय शिकवायचं तेही सांगितलं: मोडी आणि बाळबोध वाचणं-लिहिणं, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्याचे धडे. शिक्षकाचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, हाही आकडा त्यात आहे. मला या यादीचं फार मोल वाटतं. सावकाराचा कागद वाचता यावा, हिशेब तपासता यावा, घरात रोगराई येऊ नये. आपलं काम आणि आपलं आयुष्य हातात ठेवायला माणसाला जे लागतं, ते सगळं त्यात आहे.

तेव्हा मुंबईत काय चाललं होतं? कावसजी दावरांची गिरणी 1856 साली सुरू झाली होती आणि तिच्यामागून पुष्कळ आल्या होत्या. 1881 चा कारखाने कायदा नुकताच आला होता. त्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायची बंदी होती. म्हणजे सात पूर्ण झालेलं मूल दिवसाला नऊ तास गिरणीत राबलं तरी ते कायदेशीर. ज्या वयात फुले मुलाला शाळेत बसवा म्हणत होते, त्या वयात सरकार त्याला गिरणीत पाठवायला राजी होतं. फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून गिरणी कामगारांची संघटना बांधली. आठवड्याची एक सुट्टी मिळवायला 1890 साल उजाडावं लागलं.

आता जपानकडे बघा. मुंबईच्या गिरण्यांचं सूत चीनला आणि जपानला जायचं. ओसाकाची मोठी गिरणी 1883 साली चालू झाली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत जपाननं स्वतःची बाजारपेठ तर आपल्याला बंद केलीच, चीनमध्येही आपल्याला मागे सारलं. 1920 च्या दशकात जपानी कापड मुंबईच्या दुकानांत येऊन पडलं. याची कारणं अनेक आहेत. सगळं श्रेय शाळेला देणं बरोबर होणार नाही, कारण तिथेही कोवळ्या मुली वसतिगृहात डांबल्यासारख्या राहून रात्रपाळी करत होत्या. पण जपाननं 1872 सालीच गावोगाव प्राथमिक शाळा काढायचं ठरवलं होतं आणि विसावं शतक उजाडताना तिथली दहातली नऊ मुलं शाळेच्या पटावर होती. आपल्याकडे 1911 च्या जनगणनेत साक्षर माणसं शंभरात सहाच्या आसपास. त्याच वर्षी गोखल्यांनी कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. फार सौम्य होतं ते. तरी पुढच्या वर्षी 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली आपल्या संस्थानात ते करून दाखवलं.

स्पर्धा अंगाशी आली तेव्हा मुंबईच्या मालकांना कार्यक्षमता आठवली. एका कामगारानं दोन साच्यांऐवजी, म्हणजे मागांऐवजी, तीन साचे बघावेत, असं ठरलं. 1928 चा सहा महिन्यांचा संप त्यातूनच पेटला. कामगाराला ना शाळा दिली, ना नीट खोली, आणि त्याच्याकडून जपानच्या बरोबरीची अपेक्षा. कामगारांची स्थिती तपासणाऱ्या व्हिटले आयोगानंही 1931 साली लिहून ठेवलं, की औद्योगिक कामगारांचा जवळजवळ सगळा समूह निरक्षर असलेला असा महत्त्वाचा औद्योगिक देश दुसरा नाही. अक्षर न येणारा माणूस जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हातात सापडतो. गावाहून आणणारा जॉबर, कामाला लावणारा जॉबर, दस्तुरी घेणाराही जॉबर. सावकारापुढे अंगठा उठवायचा, कागदावर काय लिहिलंय ते त्यालाच ठाऊक.

पण फक्त शाळेनं भागत नाही, आणि म्हणून साच्यावर आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याची गोष्ट सांगायला हवी. कापड विणायच्या साचेखात्यात सर्वांत चांगला पगार. तिथे धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकाला तोंड लावून ओढून घ्यायचं. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागणार. एवढ्या कारणासाठी अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात पाऊल ठेवू देत नसत. तो कमी पगाराच्या कताईत, रिंग खात्यात. बंदी मालकानं लिहून काढलेली नव्हती, शेजारी उभं राहून काम करणारे कामगारच ती पाळत होते. डॉ. आंबेडकरांनी 1928 च्या संपात हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे धरला. संप सगळ्यांचा, मग साचेखातं सगळ्यांचं का नाही? हा प्रश्न मुळात विचारावा लागला, याची मला आजही चीड येते.

बायकांचं तर वेगळंच. मूल घरी ठेवून गिरणीत जायचं, तर ते दिवसभर झोपून राहावं म्हणून त्याला बाळागोळी देत. त्या गोळीत अफू असायची. ज्या शहराचं पहिलं मोठं भांडवल माळव्याची अफू चीनला विकून उभं राहिलं, त्या शहरातल्या कामकरी बाईच्या तान्ह्याच्या पोटात तीच अफू. 1921 साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक बालमृत्यू नोंदले गेले. बाळंतपणाला गावी जाणाऱ्या बायका पुष्कळ, जन्माची नोंद तिकडे व्हायची, म्हणून हा आकडा फुगलेला आहे. ते गृहीत धरलं तरी एका खोलीत आठ-दहा माणसं राहण्याचे परिणाम त्यातून दिसतातच. बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा मुंबई प्रांतात 1929 साली झाला. त्यानंतर गिरण्यांमधल्या बायका कमी होत गेल्या. हक्क मिळाला आणि काम निसटलं. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, तिला दुसरं काम कुठलं मिळणार होतं? खानावळ चालवायची, नाहीतर धुणीभांडी.

18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यांतल्या पुष्कळांना पुन्हा गिरणीचा भोंगा ऐकायला मिळाला नाही. त्या घरांचं पुढे काय झालं, ते मुलं किती शिकली होती यावर फार अवलंबून राहिलं. ज्या घरात एखादी मुलगी शिक्षिका किंवा परिचारिका झाली होती, तिथे चूल पेटती राहिली. ज्या पोरानं सातवीत शाळा सोडून बाप म्हणेल तिथे बदली कामगार म्हणून नाव लावायचं ठरवलं होतं, त्याला त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीच्या फाटकावर वॉचमनची नोकरी लागली.

फुल्यांनी मागितलेली सक्ती देशभरच्या शिक्षण हक्क कायद्यात 1 एप्रिल 2010 ला लागू झाली, त्यांच्या निवेदनाला 128 वर्षं झाल्यावर. त्या कायद्यात खासगी शाळांनी पहिलीच्या प्रवेशात किमान पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांच्या मुलांना द्यायच्या आहेत. 2024 च्या फेब्रुवारीत आपल्या राज्य सरकारनं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या पंचवीस टक्क्यांतून सूट. मुंबईत एक किलोमीटरच्या आत महापालिकेची शाळा नाही, अशा जागा किती सापडतील? पालक कोर्टात गेले आणि जुलैमध्ये उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला.